चित्र बघताना लागणारे शब्द: सोलापुरी चादरीपासून गायतोंडेंपर्यंत

सोलापूरच्या चाटी गल्लीत चादर घ्यायला आलेल्या एखाद्या बाईचं बोलणं कान देऊन ऐकावं. "ही फार भरगच्च झाली, डोळ्यावर येते." "हिरवा चांगलाय, पण या तांबड्याच्या शेजारी नको वाटतो." "काठ जड झालाय, त्याच्यापुढं मधलं डिझाइन दिसतच नाही." "जरा मोकळी असेल अशी दाखवा की." दुकानदार काही न विचारता गठ्ठ्यातून नेमकी दुसरी चादर ओढून काढतो. तिला काय म्हणायचंय ते त्याला पुरतं कळलेलं असतं.

हीच बाई चित्रांच्या प्रदर्शनात गेली की दारातच सांगून टाकते, "आपल्याला बाई चित्रातलं काही कळत नाही." मला हे पटत नाही. दुकानात पाच मिनिटांत तिनं रंगांचा विरोध, तोल, केंद्र आणि अवकाश या चारही गोष्टींवर मत दिलं. नजर तिच्याकडे आहे, फक्त त्या गोष्टींची नावं तिला माहीत नाहीत. नावं माहीत नसली की माणूस "छान आहे" नाहीतर "कळलं नाही" यांच्या पुढं जात नाही.

शाळेच्या पुस्तकात ही नावं एका यादीत येतात: रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश. आपल्याकडे त्याहून जुनी यादी आहे, चित्रकलेच्या षडंगांची. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग अशी सहा अंगं सांगितली आहेत. यादी पाठ करून मात्र चित्र दिसायला लागत नाही. एकेक शब्द घेऊन तो खऱ्या गोष्टीवर लावून बघावा लागतो, म्हणून इथं जमेल तिथं सोलापुरात दिसणाऱ्या गोष्टी घेतल्या आहेत.

विषय, घाट, आशय

चित्रासमोर उभं राहिलं की आपण पहिल्यांदा विचारतो, "हे कशाचं आहे?" तो झाला विषय. विठ्ठलाचं चित्र, घोड्याचं चित्र, बाजाराचं चित्र. बहुतेक लोक इथंच थांबतात. विषय कळला की चित्र कळलं असं त्यांना वाटतं, आणि विषय नाही सापडला की चित्रकारानं आपल्याला फसवलं असं वाटतं.

विठ्ठल हा विषय एकच आहे. पण कॅलेंडरवरचा गुलाबी गालांचा विठ्ठल, ट्रकच्या मागे पेंटरनं चार फटक्यांत काढलेला विठ्ठल आणि लहान पोरानं पाटीवर काढलेला विठ्ठल यांत जे वेगळं आहे ते विषयात नाही. ते रेषेत आहे, रंगात आहे, कागदावर आकृती कुठं आणि केवढी बसवली यात आहे. या सगळ्या मांडणीला मराठी समीक्षेत घाट म्हणतात. विषय आणि घाट मिळून बघणाऱ्याच्या मनात जे उतरतं तो आशय. कॅलेंडरचा विठ्ठल लाडका वाटतो, ट्रकवरचा पाठीराखा वाटतो. हा फरक मांडणीनं केला, आणि पुढचे सगळे शब्द या मांडणीबद्दल आहेत.

आकृती आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा

विठ्ठलालाच धरून पुढं जाऊ. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे ही आकृती आपल्या डोळ्यांत जन्मापासून बसलेली आहे. नाक, डोळे, कपाळावरचा टिळा सगळं पुसून टाका आणि नुसती काळी सावली ठेवा. तरी पाच वर्षांचं पोर सांगेल, विठोबा. कशावरून? कमरेवर ठेवलेल्या हातांवरून. नीट बघितलं तर दंड, कोपर आणि कंबर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक तिकोनी मोकळी जागा राहते. ओळख त्या दोन मोकळ्या तुकड्यांत आहे. हात सरळ सोडले की ते तुकडे गेले, आणि मग उरते ती कुठलीही उभी मूर्ती.

आकृतीभोवतीच्या आणि आकृतीमधल्या या मोकळ्या भागाला अवकाश म्हणतात. नेमकं बोलायचं तर ऋण अवकाश. शिकाऊ चित्रकार वस्तू काढतो आणि उरलेली जागा उरली म्हणून सोडतो. जाणता चित्रकार उरलेली जागासुद्धा काढतो.

योगायोग असा की ज्या पंढरपुरात ही आकृती उभी आहे तिथंच 1915 साली मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म झाला. त्यांचं बालपण पुढं इंदूरला गेलं, त्यामुळे पंढरपूरनं त्यांना चित्रकार केलं असं म्हणणं ओढाताणीचं होईल. पण त्यांची मदर तेरेसांवरची चित्रं या मुद्द्यासाठी बघावीत. त्यांत चेहराच नाही. चेहऱ्याच्या जागी काळोख किंवा रितेपण, त्याभोवती पांढरी साडी आणि तिचा निळा काठ. कुणाचं चित्र आहे हे विचारावं लागत नाही. तो निळा काठ डोक्यावरून खांद्यावर आणि तिथून खाली गुडघ्यापर्यंत जातो आणि जाता जाता अख्खं शरीर दाखवतो. इथं काठ रेषेचं काम करतो आणि चेहऱ्याच्या जागची पोकळी आशयाचं.

रेषेबद्दल वेगळं फार सांगायला नको, कारण हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात लवकर कळणारा घटक आहे. रेषा आडवी असली की चित्र शांत वाटतं, उभी असली की ताठ वाटतं, तिरकी झाली की काहीतरी घडतंय किंवा पडतंय असं वाटतं. शिवाय रेषेला वजन असतं. एकाच जाडीची रेषा यंत्राची वाटते, जाड-बारीक होत जाणारी रेषा हाताची वाटते. अजिंठ्याच्या 1 क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या भुवया आणि खांद्यांची वळणं फोटोत जरी बघितली तरी हे लक्षात येतं. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. तिथं मोठ्या मापात, भराभर, लांबून दिसेल अशी रेषा ओढावी लागते. त्यांच्या घोड्यांमध्ये तो हात ओळखू येतो.

उजेड काढायचा की अंधार?

इथं मला जरा थांबायचंय, कारण रंगाच्या नादात लोक ज्याकडे दुर्लक्ष करतात ती गोष्ट हीच आहे. रंग बाजूला ठेवला तरी प्रत्येक जागा कमी-जास्त उजळ असते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या या पायऱ्यांना छटा म्हणतात, आणि त्या वापरून वस्तूला गोलाई देण्याला छायाप्रकाश. कागद सपाट असतो. त्यावर काढलेलं वर्तुळ चेंडू वाटायला लागतं ते एका बाजूच्या छायेमुळं.

चित्राच्या छटा तपासायची सोपी युक्ती म्हणजे डोळे किलकिले करून बघणं. त्याहून सोपी म्हणजे मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करणं. तांबड्या-हिरव्या चादरीचा असा फोटो काढलात तर बऱ्याचदा नक्षी जवळजवळ गायब होते. दोन रंग वेगळे, पण उजळपणा सारखाच, म्हणून दोन्ही एकाच करड्यात जातात. एखादं चित्र रंगीत असूनही सपाट आणि मरगळलेलं वाटत असेल तर कारण बहुधा हेच असतं.

आता दोन चित्रकार शेजारी ठेवू. एक सावळाराम हळदणकर. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं त्यांचं समई हातात घेतलेल्या मुलीचं चित्र अनेकांनी बघितलेलं असतं, आणि त्यातले कितीतरी जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगात आहे. पारंपरिक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, पांढरा असतो तो कागद. जिथं ज्योतीचा उजेड हवा तिथं चित्रकार कागद राखतो आणि बाकीच्या जागी पातळ थरांवर थर देत अंधार चढवत नेतो. एकदा जागा गडद झाली की ती पुन्हा पूर्ण उजळ करणं फार अवघड. त्या मुलीच्या ज्योतीवर आडव्या धरलेल्या बोटांतून जो तांबूस उजेड झिरपतो तो असा राखून राखून मिळवलेला आहे.

दुसरे शशिकांत धोत्रे, आपल्या मोहोळ तालुक्यातले. त्यांचं माध्यम रंगीत पेन्सिल आणि कागद काळा. इथं गणित बरोबर उलटं. अंधार आधीच हजर आहे, तो काढायला लागत नाही. पेन्सिल फक्त उजेड काढते: साडीच्या चुणीची कड, गालाचा उंचवटा, बांगडीवरची चमक. सावलीची जागा म्हणजे हात न लावलेला कागद. चित्र दोघांचंही वास्तववादी, पण हळदणकर उजेड राखतात आणि धोत्रे अंधार राखतात. एवढं कळल्यावर "अगदी फोटोसारखं काढलंय" याच्या पुढचं बोलता येतं.

यातून माध्यम या शब्दाचाही अर्थ उघडा होतो. माध्यम म्हणजे नुसतं सामान नव्हे. काय सोपं पडेल, काय अवघड पडेल आणि चूक कुठं होईल हे माध्यम ठरवतं. आपली चादरच बघा. तिची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर, चौकट-चौकट भरून उतरवतात आणि मग ती जकार्ड या नक्षी विणायच्या यंत्राच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर जाते. हे यंत्र जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसानं 1804 च्या सुमारास तयार केलं. चौकटीत फक्त भरलेलं किंवा रिकामं, एवढंच असू शकतं. म्हणून चादरीवरच्या मोराच्या पिसाचं वळण जवळून बघितलं तर पायऱ्या-पायऱ्यांचं दिसतं. ती विणकराच्या हातातली कमतरता नाही. ताणा आणि बाण्याची, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची, रेषा अशीच असते, आणि चांगला डिझायनर वळणाला या पायऱ्या शोभतील असंच काढतो. शिवाय चादर उलटली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. मघाचा अवकाश आणि आकृती इथं एकमेकांच्या जागा घेतात. कापडाच्या दोन बाजू बघून हा धडा फुकटात मिळतो.

रंग एकटा नसतो

रंगाबद्दल बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. तांबडा की निळा, हा झाला रंग. तो किती उजळ किंवा गडद, ही झाली छटा. आणि तो किती भडक किंवा विटका, ही तीव्रता. "मला निळा आवडतो" या वाक्याला तसा अर्थ नाही. मोरपंखी, आकाशी आणि धुवून फिका झालेला डेनिमचा निळा यांत डोळ्याला फार मोठं अंतर आहे.

तांबडा, पिवळा आणि निळा हे रंगपेटीतले प्राथमिक रंग. दोन प्राथमिक मिसळले की दुय्यम: नारिंगी, हिरवा, जांभळा. एक प्राथमिक रंग आणि उरलेल्या दोन प्राथमिकांपासून झालेला दुय्यम, ही जोडी पूरक: तांबडा आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा. इथपर्यंत एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पूरक रंगांचं पुढं काय होतं ते मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि गंमत तिथंच आहे.

पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा सरकारी विणकाम कारखाना आहे, भिंतीवर टांगायच्या चित्रमय पडद्यांसाठी प्रसिद्ध. 1824 मध्ये मिशेल युजेन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाईचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे तक्रार आली की निळ्या-जांभळ्या कापडाच्या सावल्यांसाठी वापरलेलं काळं सूत फिकं पडतंय, काळ्यात दम नाही. सोलापुरात अशी तक्रार आली असती तर पहिली शंका रंगाईवर गेली असती. शेव्हरल यांनीही सूत तपासलं. रंगात काही खोट नव्हती. तेच काळं सूत दुसऱ्या रंगांशेजारी ठेवलं की चांगलं काळंभोर दिसे. म्हणजे घोळ रंगाच्या हंड्यात नव्हता, बघणाऱ्याच्या डोळ्यात होता. एखाद्या गडद निळ्याशेजारच्या जागेवर डोळा त्याच्या पूरक रंगाची, म्हणजे नारिंगीची, झाक आपोआप टाकतो. काळ्यावर तशी झाक आली की काळा गंजल्यासारखा दिसतो.

शेव्हरल यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि 1839 मध्ये मोठा ग्रंथ काढला. दोन रंग शेजारी आले की दोघंही एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात. उजळ रंगाशेजारी गडद आणखी गडद, हिरव्याशेजारी तांबडा आणखी तांबडा. याला रंगांचा समकालिक विरोध म्हणतात. पुढच्या फ्रेंच चित्रकारांनी हे पुस्तक उचलून धरलं. जॉर्ज सरा यांनी तर रंग पॅलेटवर मिसळायचंच कमी केलं आणि शुद्ध रंगाचे बारीक ठिपके शेजारी-शेजारी ठेवले. लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात ते मिसळतात. धूपछाँव कापड विणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, आणि लांबून दिसतो तो तिसराच.

आधुनिक चित्रकलेतला रंगाचा एवढा मोठा विचार एका विणकाम कारखान्यातल्या तक्रारीतून निघाला, ही गोष्ट सोलापूरच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी असं मला वाटतं.

उष्ण रंग आणि शीत रंग हा आणखी एक उपयोगी भेद. तांबडा, नारिंगी, पिवळा पुढं आल्यासारखे वाटतात. निळा, निळसर हिरवा मागं गेल्यासारखे. तुळजापूरच्या वाटेवर बालाघाटचे डोंगर लांबून निळसर दिसतात ते मधल्या हवेमुळं, आणि चित्रकार अंतर दाखवायला हीच निळाई वापरतात.

बसवणं

रेषा, आकार, छटा, रंग हे सगळं हाताशी आल्यावर ते चौकटीत बसवायचं, याला रचना किंवा संयोजन म्हणतात. यातले शब्द एकत्र बघायला सोलापूरच्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेतली नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक पुरेशी आहे.

गच्चीवरून बघताय असं समजा. खाली पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, रस्ताभर एक पांढरा आडवा पट्टा. त्यातून उभ्या उठलेल्या सात काठ्या. आडव्याविरुद्ध उभं आणि पांढऱ्याविरुद्ध रंगीत, म्हणून नजर आपोआप काठ्यांवर जाते. तो झाला केंद्रबिंदू. एका रंगाचा एवढा मोठा पट्टा नसता, प्रत्येकानं आपापल्या आवडीचा शर्ट घातला असता, तर त्या गर्दीत काठ्या हरवल्या असत्या. एकामागं एक सारख्या काठ्या दिसतात ती पुनरावृत्ती. पण त्यांच्यातलं अंतर अगदी सारखं नसतं, एक थोडी पुढं, एक मागं, एक किंचित झुललेली. पुनरावृत्तीत असा फरक आला की तिला लय म्हणतात. मोजून मापून सारखं अंतर ठेवलं तर ते कुंपण होतं. आणि एखादी काठी तोलताना तिरकी झाली की सगळ्यांचा श्वास अडकतो. मघाशी तिरक्या रेषेबद्दल जे म्हटलं ते इथं पोटात जाणवतं.

तोल दोन प्रकारचा. इंद्रभुवनच्या, म्हणजे महापालिकेच्या जुन्या इमारतीसमोर मधोमध उभं राहिलं तर डावी-उजवी बाजू एकमेकींची आरशातली रूपं वाटतात. हा सममित तोल. त्यात दबदबा असतो, म्हणून राजवाडे, देवळं आणि कचेऱ्यांना तो आवडतो. दुसरा असममित. एका बाजूला मोठा पण फिका आकार आणि दुसऱ्या बाजूला लहान पण गडद, तरी चित्र कलंडत नाही. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून देवळाचा फोटो घेताना हे करून बघता येईल. देऊळ मधोमध घेतलं तर पोस्टकार्ड होतं. तेच एका बाजूला सरकवून उरलेल्या जागेत नुसतं पाणी आणि प्रतिबिंब येऊ दिलं तर फोटो बदलतो. पाण्याची कड फोटोच्या बरोबर मधून जाऊ देऊ नका, वर तरी घ्या नाहीतर खाली. हा नियम नाही, पण सुरुवातीला पाळला तर नजर लवकर तयार होते.

खोलीचा भास देणारं यथार्थदर्शन, ज्याला बरेच ड्रॉइंग मास्तर पर्स्पेक्टिव्ह म्हणतात, त्याची पहिली ओळख बहुतेकांना वस्तुचित्रातल्या बादलीनं होते. बादलीचं तोंड गोल आहे हे माहीत असतं, पण कागदावर ते लांबट काढावं लागतं. डोळ्याच्या पातळीला ते चपटं होत होत रेघ होतं, जमिनीवर ठेवलं की उघडत जातं. स्टेशनच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून बघितलं तर रूळ लांब कुठंतरी एका ठिकाणी मिळाल्यासारखे दिसतात, तो लोपबिंदू. याचे भौमितिक नियम फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुनेलेस्कीनं दाखवून दिले आणि 1435 मध्ये आल्बर्टीनं लिहून काढले.

पण म्हणून लोपबिंदू नसलेलं चित्र चुकीचं ठरत नाही. आपल्या लघुचित्रांत राजा प्रधानापेक्षा मोठा असतो, वाड्याची भिंत समोरून दिसते आणि अंगणातला गालिचा वरून. चित्रकाराला एका जागी उभ्या असलेल्या माणसाला काय दिसेल हे सांगायचंच नव्हतं. कोण मोठा आणि कुठं काय चाललंय हे सांगायचं होतं.

पोताबद्दल थोडक्यात. हाताला लागतो तो स्पर्शाचा पोत, जसा सोलापुरी टर्किश टॉवेलच्या फासांचा. टॉवेलचं चित्र काढून तसा भास आणला तर तो दृश्य पोत. व्हॅन गॉगच्या चित्रात दोन्ही असतात, कारण तिथं रंगच इतका जाड बसवलेला आहे की त्याची सावली पडते.

"हे कशाचं चित्र आहे?"

आता सगळ्यात भांडणाचा विषय, अमूर्त चित्र. वासुदेव गायतोंडे हे नाव लिलावांच्या बातम्यांमुळं आता बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. जन्म 1924, नागपूर. त्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. रोलर आणि पॅलेट नाइफनं लावलेले, काढलेले, पुन्हा लावलेले रंगाचे थर, आणि त्या थरांतून वर तरंगून आलेले काही आकार. बातमीखाली हमखास कुणीतरी म्हणतं, "याला काही अर्थ आहे का?"

चौकड्यांची चादर अंगावर घेऊन झोपणाऱ्या गावानं हा प्रश्न विचारू नये. ती चादर अमूर्त आहे. ती कशाचंही चित्र नाही. तरी आपल्याला ती आवडते किंवा आवडत नाही, आणि का ते सांगता येतं: रंग जुळले, पट्ट्यांची लय साधली, मोकळी जागा पुरेशी आहे. चित्राला आपण वेगळा न्याय लावतो, कारण चौकट दिसली की आत गोष्ट असणार अशी सवय लागलेली आहे. अर्थात चादर आणि गायतोंडे एकाच तोलाचे असं मी म्हणत नाही. चादरीची नक्षी ठरावीक अंतरानं पुन्हा येते आणि डोळा पुढं सरकतो. गायतोंडेंच्या चित्रात काहीच पुन्हा येत नाही, म्हणून डोळ्याला थांबून थर उलगडत बसावं लागतं. पण बघायला सुरुवात त्याच शब्दांनी करायची असते. कुठं उजळ आहे? कुठला रंग मागं गेला? वजन वर आहे की खाली?

वास्तवापासून अमूर्तापर्यंत मधे पुष्कळ पायऱ्या आहेत. हुसेनचा घोडा ओळखू येतो, पण तसा घोडा कुठं बांधलेला सापडणार नाही. जे आहे त्यातलं काही वगळून, काही ताणून केलेल्या अशा चित्राला अर्धअमूर्त म्हणतात.

निरनिराळे वाद, म्हणजे वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद, घनवाद वगैरे, सुरुवातीला पाठ करायची गरज नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल की 1839 हेच वर्ष पॅरिसमध्ये दागेरच्या फोटोग्राफीची पद्धत जाहीर होण्याचं आहे. हुबेहूब दिसणं हे काम यंत्र करू लागलं, आणि मग माणसानं काय काढायचं या प्रश्नाची वेगवेगळ्या लोकांनी दिलेली उत्तरं म्हणजे हे वाद. मोने आणि मंडळींनी 1874 च्या प्रदर्शनात बदलता उजेड काढून दाखवला, तो दृक्प्रत्ययवाद. पिकासो आणि ब्राक यांनी एकच वस्तू अनेक बाजूंनी एकदम काढली, तो घनवाद. आपल्याकडे 1947 मध्ये मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह हा कलाकारांचा गट काढला तेव्हा त्यांच्यासमोर तो प्रश्न होताच, शिवाय स्वतंत्र देशातलं चित्र कसं असावं हाही होता.

लेबल वाचणं

चित्राखालच्या छोट्या पाटीवर बहुधा नाव, माध्यम, माप आणि वर्ष असतं. लोक नाव वाचून पुढं जातात. चित्राचं नाव हे सगळ्यात फसवं, आणि "शीर्षक नाही" असं लिहिलेलं असलं की चिडायचं कारण नाही. माध्यमावरून चित्रकारासमोर काय अडचण होती ते कळतं. मापावरून अंतर कळतं: सहा फुटी चित्र काढताना चित्रकाराचा खांदा हलतो, सहा इंची काढताना फक्त बोटं. मोबाइलवर दोन्ही एकाच आकाराची दिसतात, आणि पोत तर पूर्णच जातो. मोबाइलवर चित्र बघायला हरकत नाही, पण ते बघितलं म्हणजे चित्र बघून झालं असं धरू नये.

छापाचित्र, म्हणजे ठशावरून छापलेलं चित्र, असेल तर खाली कडेला पेन्सिलीनं 3/25 असा आकडा दिसतो. त्या ठशावरून एकूण 25 छाप काढले आणि हा त्यातला तिसरा, असा त्याचा अर्थ. प्रत्येक छाप चित्रकाराच्या देखरेखीखाली निघालेला असतो, म्हणून तो मूळ कलाकृतीच मानला जातो. झेरॉक्सशी त्याचा संबंध नाही. तुमच्या आजीच्या देवघरात रविवर्मा प्रेसची जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती असेल तर तिच्यावर असा आकडा सापडणार नाही. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्या छापखान्याचा उद्देशच उलटा होता. चित्र जितक्या घरांत जाईल तितकं हवं होतं, त्यामुळे किती छापली हे कुणी कडेला लिहीत बसलं नाही.